विरंजनापासून निर्जंतुकीकरणापर्यंत

स्वच्छतेची परीक्षा आपण बहुधा दोन इंद्रियांनी करीत असतो; डोळ्यांनी आणि नाकाने. कापड पांढरेशुभ्र दिसले की ते स्वच्छ झाले, आणि न्हाणीघरातून औषधाचा उग्र दर्प येऊ लागला की तेथील रोगजंतू मेले, असे मानून आपण निश्चिंत होतो. ही समजूत ज्या पदार्थामुळे आपल्या मनात विशेष दृढ झाली, त्याचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. बाजारात तो दोन रूपांनी मिळतो. बाटलीत मिळतो तो सोडियम हायपोक्लोराइटचा द्रव, म्हणजे घरोघरचे ब्लीच. आणि भुकटीच्या रूपाने मिळते ती ब्लीचिंग पावडर, म्हणजेच विरंजक चूर्ण. दोहोंचा प्राण एकच, आणि तो म्हणजे क्लोरीन. या क्लोरीनने गेल्या अडीचशे वर्षांत कापड पांढरे केले, दुर्गंध घालविला, बाळंतिणींचे प्राण वाचविले, शहरांचे पाणी शुद्ध केले आणि रणांगणावर माणसेही मारली. यांतील पहिली तीन कामे तो करीत होता, तेव्हा ती तो का करू शकतो हे कोणासही ठाऊक नव्हते. हे कारण पुढे कसे उलगडत गेले, ते ध्यानात घेतले म्हणजे ब्लीच घरात कसे वापरावे, याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

अठराव्या शतकापर्यंत कापड पांढरे करण्याचे काम सूर्याकडे सोपविलेले असे. आपल्याकडचे परीट भट्टी लावून, खार घालून, कपडे नदीकाठच्या वाळूवर आणि गवतावर पसरीत. युरोपातही रीत फारशी निराळी नव्हती. हॉलंडमधील हार्लेम या गावाच्या आसमंतात मोठमोठी कुरणे केवळ याच कामासाठी राखलेली होती. तागाचे कापड राखेच्या खारात उकळावयाचे, आंबट ताकात भिजवावयाचे, धुवावयाचे आणि आठवडेच्या आठवडे उन्हात पसरावयाचे, अशी ती प्रक्रिया होती. वसंतात धाडलेले कापड हाती येईपर्यंत शरद ऋतू उजाडे. गिरण्यांची चाके वेगाने फिरू लागली, सूत आणि कापड भराभर निघू लागले, तेव्हा ही सहा-सहा महिन्यांची प्रतीक्षा व्यापाऱ्यांना असह्य झाली.

त्यांची अडचण ज्या शोधाने दूर झाली, तो मात्र त्यांच्यासाठी लागलेला नव्हता. स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शेले हा औषधविक्रेता रसायनशास्त्राचा वेडा अभ्यासक होता. १७७४ साली मँगॅनीजच्या एका खनिजावर त्याने हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले, आणि त्यातून पिवळसर हिरवा, गुदमरवून टाकणारा वायू बाहेर पडला. त्या वायूत धरलेल्या फुलांचा आणि पानांचा रंग उडून जातो, हेही त्याने नोंदवून ठेवले. हा वायू म्हणजे एक मूलद्रव्य आहे, हे पुढे १८१० साली हम्फ्री डेव्हीने सांगितले, आणि त्याच्या रंगावरून ग्रीक शब्दाच्या आधाराने त्याला क्लोरीन हे नाव दिले. खनिज आणि आम्ल यांची ती भेट आपण लक्षात ठेवावी. व्याख्यानाच्या उत्तरार्धात ती आपल्या न्हाणीघरात पुन्हा घडताना दिसेल.

रंग घालविण्याचा हा गुण कापडास लावून पाहिला तो फ्रान्सच्या क्लोद लुई बर्थोले याने, १७८५ साली. नुसता वायू कारागिरांच्या छातीस झोंबे आणि कापडाचे धागेही खाऊन टाकी; म्हणून तो पोटॅशच्या पाण्यात मुरविण्याची युक्ती निघाली. पॅरिसजवळ सीन नदीच्या काठी जावेल नावाचे गाव होते. तेथील कारखान्यात १७८९ च्या सुमारास असा द्रव तयार होऊ लागला. जावेल गाव पुढे पॅरिस शहरातच विलीन झाले. परंतु फ्रेंच गृहिणी आजही ब्लीचच्या बाटलीला ‘जावेलचे पाणी’ असेच म्हणते. वाफेच्या यंत्रामुळे कीर्ती पावलेल्या जेम्स वॉटने बर्थोलेची ही रीत पॅरिसमध्ये प्रत्यक्ष पाहिली आणि ग्लासगो येथे कापड विरंजनाचा धंदा करणाऱ्या आपल्या सासऱ्यास कळविली. त्याच ग्लासगोमध्ये चार्ल्स टेनंट याने १७९९ साली कोरड्या चुन्यात क्लोरीन शोषून घेण्याचे एकस्व मिळविले. द्रव दूर नेणे कठीण; भुकटी मात्र पिंपात भरून कोठेही धाडता येते. विरंजक चूर्णाचा जन्म हा असा झाला, आणि कुरणे नांगरास मोकळी झाली.

येथपर्यंत रोगाचा वा जंतूचा या कथेशी काही संबंध नव्हता. तो संबंध जुळला दुर्गंधाच्या वाटेने. पॅरिसमध्ये जनावरांच्या आतड्यांपासून तात आणि इतर वस्तू तयार करण्याचे कारखाने होते. आतडी कुजवून त्यांवरील पापुद्रा सोडविला जाई, आणि त्या घाणीत कामगारांना दिवस काढावे लागत. ही दुर्गंधी दूर करण्याचा उपाय शोधून काढणाऱ्यास एका संस्थेने पारितोषिक जाहीर केले. आंत्वान जेर्मेन लाबाराक या औषधविक्रेत्याने १८२० च्या सुमारास क्लोरीनयुक्त सोड्याचा आणि चुन्याचा द्राव वापरून तो मान मिळविला. शवागारे, गटारे, इस्पितळे, जहाजे अशा ठिकाणी त्याचा द्राव शिंपडला जाऊ लागला. १८२४ साली राजा अठरावा लुई मरण पावला, तेव्हा त्याच्या सडू लागलेल्या देहाचा दर्प आवरण्यासाठीही लाबाराकलाच पाचारण करण्यात आले. कुजलेल्या हवेतून रोग उद्भवतात, असे त्या काळचे वैद्यक मानीत असे. वास गेला की रोग गेला, असा त्यामागील तर्क होता. तर्क चुकीचा होता, तरी उपाय बरोबर निघाला. कारण कुजण्याच्या मुळाशी जे सूक्ष्म जीव असतात, त्यांनाच तो द्राव मारीत होता.

या अर्ध्या ज्ञानाने काय साधू शकते आणि ते कोठे थांबते, याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण व्हिएन्नाचे आहे. तेथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ स्त्रिया दगावल्या. दुसऱ्यात ३७५४ प्रसूती होऊन १०५ दगावल्या. सूतिकाज्वर हे त्या मृत्यूंचे कारण. गावातील गरीब स्त्रियांना हा फरक चांगला ठाऊक होता, आणि पहिल्या विभागात दाखल करू नका म्हणून त्या हात जोडून विनवीत. इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन तरुण तेथे साहाय्यक डॉक्टर होता. १८४७ च्या मार्च महिन्यात त्याचा स्नेही, याकोब कोलेच्का हा प्राध्यापक, शवविच्छेदन चालू असता विद्यार्थ्याच्या चाकूची जखम होऊन वारला. त्याच्या देहात सेमेलवाइसला सूतिकाज्वराच्याच खुणा आढळल्या. पहिल्या विभागातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासावयास येत. सुइणींचा शवांशी संबंध नसे. उलगडा झाला. शवातील काहीतरी, जे साबणाने धुतल्यावरही हातांस वास ठेवून जाते, तेच मातांच्या देहात शिरत होते.

म्हणून त्याने क्लोरीनचा द्राव निवडला, आणि निवडला तो वासामुळेच. हातांचा शवगंध ज्याने जाईल, त्याने ते घातक द्रव्यही जाईल, असे त्याचे अनुमान होते. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून प्रसूतिकक्षाच्या दाराशी द्रावाचे भांडे ठेवले गेले. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून त्यात विरंजक चूर्ण वापरण्यात आले. एप्रिल महिन्यात ३१२ बाळंतिणींपैकी ५७ मेल्या होत्या. १८४८ च्या संपूर्ण वर्षात ३५५६ पैकी ४५ मेल्या. म्हणजे शंभरास अठरा हे प्रमाण शंभरास सव्वापर्यंत खाली आले. एवढे होऊनही त्याचे म्हणणे बहुतेक वरिष्ठांना रुचले नाही. आपल्याच हातांनी आपण मृत्यू वाहून नेत होतो, हे मान्य करणे कोणाही डॉक्टरास जड जावे यात नवल नाही. शिवाय द्राव नेमका कशास मारतो, हे सेमेलवाइसला सांगता येत नव्हते. त्याने १८५० साली व्हिएन्ना सोडले, आणि १८६५ साली मनोरुग्णांच्या आश्रमात त्याचा अंत झाला. कारण ठाऊक नसलेला उपाय टिकत नाही. तो सांगणारा गेला की भांड्यातील द्रावही आटतो.

कारण सापडले ते त्यानंतरच्या वीस वर्षांत. पाश्चरने सूक्ष्म जीवांचे कार्य दाखविले, आणि रॉबर्ट कॉखने शुद्ध स्वरूपात वाढविलेले जंतू घेऊन १८८१ साली निरनिराळ्या औषधांची परीक्षा केली. हायपोक्लोराइट जंतूंचा नाश करते, हे आता प्रयोगाने सिद्ध झाले. क्लोरीन पाण्यात विरघळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते, आणि ते जंतूंच्या शरीरातील प्रथिनांवर आघात करून त्यांचे जीवनव्यापारच बंद पाडते. कापडाचा रंग उडविणारी आणि जंतूला मारणारी शक्ती एकच आहे. मात्र तिला सारासार विवेक नाही. समोर जे जे सेंद्रिय येईल, मग तो जंतू असो, रक्त असो, चिखल असो की माणसाची त्वचा असो, त्यावर ती खर्च होते. ही एक गोष्ट समजली म्हणजे पुढील सर्व इतिहास आणि आपले घरगुती नियम, दोन्ही समजतात.

जंतूंचे ज्ञान होताच पाण्याकडे लक्ष जाणे क्रमप्राप्त होते. इंग्लंडमधील मेडस्टोन येथे १८९७ साली विषमज्वराची साथ आली, तेव्हा गावच्या नळांतून विरंजक चूर्णाचा द्राव फिरविण्यात आला. १९०५ साली लिंकन शहरात अशाच साथीत अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी पाण्यात क्लोरीन घालण्याचे काम अखंड चालू ठेवले. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यावरून नगरपालिका आणि पाणी कंपनी यांच्यात खटला चालू असता, डॉ. जॉन लील यांनी सप्टेंबर १९०८ मध्ये तेथील पाण्यात विरंजक चूर्णाचा द्राव सोडण्यास आरंभ केला. प्यावयाच्या पाण्यात विष कालविले, असा आक्षेप त्यावर आला. परंतु मात्रा इतकी अल्प होती आणि तिचे मोजमाप इतके काटेकोर होते, की न्यायालयाने अखेर हा उपाय ग्राह्य धरला. त्यानंतर शहरामागून शहराने तो उचलला.

आपल्या देशात या चुर्‍याची गाठ पडली ती विहिरींशी. पटकी आणि विषमज्वर यांनी गावेच्या गावे ओस पडत असल्याचे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल, त्यांना विहिरीत पडणाऱ्या पांढऱ्या भुकटीचे मोल सांगावयास नको. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून झाली होती, गावविहिरींसाठी दुहेरी मडक्याची सोपी पद्धत बसविली. लहान मडक्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून भरावयाची. ते छिद्र पाडलेले मडके दुसऱ्या, तसेच छिद्र असलेल्या मोठ्या मडक्यात ठेवावयाचे, आणि दोरीने विहिरीच्या पाण्यात सोडावयाचे. लहान विहिरीस दोन-तीन आठवडे क्लोरीन थोडाथोडा मिळत राहतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत ‘टीसीएल’ म्हणून जी पावडर ओळखली जाते, ती उष्ण हवेत टिकावी म्हणून अधिक चुना घालून स्थिर केलेले विरंजक चूर्णच होय. साधारण हजार लिटर स्वच्छ पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. तासाभराने ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकून पाणी पिवळसर होते की नाही, हे जलसुरक्षक पाहतो. म्हणजे जंतू मारून झाल्यावरही थोडा क्लोरीन शिल्लक आहे की नाही, याची तो खात्री करून घेतो. या तपासणीत नाकास स्थान नाही. येथे विश्वास मोजमापावर ठेवलेला आहे.

या मोजमापाचे महत्त्व १९१५ या एका सालात जगाला दोन परींनी दिसले. त्या वर्षी २२ एप्रिल रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीनचा वायू वाऱ्यावर सोडला, आणि खंदकांतील सैनिक फुफ्फुसे जळून तडफडून मेले. त्याच वर्षी फ्रान्समधील काँपिएन येथील युद्धरुग्णालयात हेन्री डेकिन हा रसायनशास्त्रज्ञ आणि ॲलेक्सिस कॅरेल हा शल्यविशारद सैनिकांच्या चिघळलेल्या जखमा धुण्यासाठी हायपोक्लोराइटचा द्राव तयार करीत होते. जंतू मरावेत, पण जिवंत मांस जळू नये, इतका सौम्य द्राव त्यांना हवा होता. अनेक प्रयोगांती तो सुमारे अर्धा टक्का ठरला. एकाच मूलद्रव्याने एकीकडे सैनिक मारले आणि दुसरीकडे जगविले. भेद होता तो मात्रेचा आणि रूपाचा.

घरातील बाटलीचा इतिहासही या सौम्य करण्याचाच आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९१३ साली मिठाच्या पाण्यातून वीज खेळवून ब्लीच बनविणारा कारखाना निघाला. क्लोरॉक्स हे नाव त्यातूनच पुढे आले. त्याचा पहिला माल २१ टक्के तीव्रतेचा होता आणि तो गिरण्या व धुलाईगृहांसाठी होता. गृहिणींसाठी तो सव्वापाच टक्क्यांवर आणला गेला, तेव्हाच तो स्वयंपाकघराच्या फळीवर चढू शकला. तथापि सव्वापाच टक्के म्हणजेही डेकिनच्या द्रावाच्या दसपट. बाटलीतील द्रव जसाच्या तसा ओतण्यासाठी नसून पाण्यात मिसळण्यासाठी आहे, हे त्यावरून उघड होते.

आता या इतिहासाचा व्यवहार पाहू. सेंद्रिय मळावर क्लोरीन खर्च होतो, हे आपण पाहिले. म्हणून आधी साबणाने व पाण्याने जागा धुवावी, आणि मगच ब्लीच लावावे. मळक्या फरशीवर ओतलेले ब्लीच मळाशीच झुंजत संपून जाते. बाटलीवरील टक्केवारी वाचावी. ती पाच असेल, तर फरशी, मोरी, दाराच्या मुठी अशा नेहमीच्या ठिकाणांसाठी एक भाग ब्लीच आणि ४९ भाग थंड पाणी घ्यावे. म्हणजे एक लिटर मिश्रणात २० मिलिलीटर ब्लीच. टक्केवारी चार असेल, तर २५ मिलिलीटर. रक्त सांडले असेल तेथे ते टिपून घेऊन एकास नऊ या प्रमाणातील तीव्र द्राव वापरावा. जंतू मरावयास वेळ लागतो, म्हणून जागा दहा मिनिटे तरी ओली राहू द्यावी, आणि नंतर पाण्याने धुवावी. मिश्रण त्या दिवसापुरतेच करावे; उष्णता आणि उजेड यांनी ब्लीचचे बळ ओसरते. हातांत रबरी मोजे असावेत, खिडकी उघडी असावी. मूळ बाटली अंधाऱ्या, थंड आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. पाण्याच्या वा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ती कधीही ओतून ठेवू नये.

सर्वांत मोठी सावधगिरी संगतीची. फरशीवरील पिवळे डाग काढण्यासाठी आपल्याकडे ज्याला नुसते ‘ॲसिड’ म्हणतात ते, आणि संडास धुण्याचे पुष्कळसे द्रव, यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यावर ब्लीच पडले, की शेलेच्या प्रयोगशाळेत १७७४ साली जे घडले तेच बंद दाराच्या न्हाणीघरात घडते; क्लोरीन मोकळा होतो. अमोनियायुक्त द्रवाशी ब्लीच मिसळले तर क्लोरामीन नावाचे विषारी वायू निघतात, आणि न धुतलेल्या मुतारीतही त्यांचाच दर्प उठतो. एकाने काम होते तर दोहोंनी दुप्पट होईल, या हिशेबाने घरची बाई किंवा कामास येणारी बाई सद्‌हेतूनेच दोन्ही ओतते, आणि दर्प जितका उग्र तितकी सफाई चोख, या समजुतीने आत थांबून घासत राहते. वस्तुतः तो दर्प धोक्याची सूचना असते. असे झाल्यास काम तसेच टाकून मोकळ्या हवेत यावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात उडाल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे. पोटात गेल्यास ओकारी काढवू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

हे नियम जुने झाले असे मानण्याचे कारण नाही. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत पायी घरी परतणाऱ्या मजुरांना उत्तर प्रदेशातील बरेली येथे रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हायपोक्लोराइटचा फवारा मारण्यात आला. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुलेही होती. त्यांचे डोळे झोंबले, अंगाची आग झाली. पुढच्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले, की असा फवारा माणसांवर मारू नये. त्याने शरीराच्या आतील विषाणू मरत नाही आणि अपाय मात्र होतो. शवाचा वास हाताला असता कामा नये, एवढ्याच जाणिवेवर सेमेलवाइसने शेकडो माता वाचविल्या होत्या. त्याला जंतू ठाऊक नव्हते. पण द्राव कोठे लावावयाचा आणि कोणासाठी, हे त्याला पक्के ठाऊक होते. आपल्याला जंतू ठाऊक आहेत, टक्केवारी बाटलीवर छापलेली आहे, आणि मोजण्याचा चमचा घरातच आहे. तो हाती घेण्यापुरता वेळ आपण काढला, आणि घरात काम करणाऱ्या प्रत्येकास ही मापे नीट समजावून सांगितली, तर या अडीचशे वर्षांच्या अनुभवाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.